हुलग्याचं माडगं आणि उरलेली लोकर

आपल्या सोसायटीला यंदा 25 वर्षं झाली. शिरवळचा इतिहास म्हटलं की 1648 सालची फत्तेखानाची स्वारी आणि सुभानमंगळ गढी आठवते. पण थंडीलाही इतिहास असतो, तो कुणी लिहून ठेवत नाही.

नीरेकाठी गारठा पडला की घरोघरी माडगं शिजायचं. हुलगे भाजून दळायचे, पीठ पाण्यात कालवायचं, गूळ-सुंठ घालून उकळायचं. हुलगा कमी पावसावर, हलक्या रानातही येतो. म्हणजे हे गरिबाघरचं सूपच म्हणा ना!

आणि अंगावर घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, धनगरांच्या बायका सूत कातायच्या, सणगर खड्ड्याच्या मागावर विणायचे, चिंचोक्याची खळ द्यायचे. उरलीसुरली लोकरही वाया जात नसे. तिचे दोर वळायचे, नाहीतर दाबून बसायला जेन करायचं.

आता गिरणीचं ब्लँकेट स्वस्त पडतं. जाडीभरडी लोकर कोण घेणार? कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कित्येक मेंढपाळ ती टाकून देतात. लोकर गेली की माग जातो, आणि माग गेला की हातातली कला जाते.

म्हणून सभासदांना एक विनंती. माळ्यावर आजीची घोंगडी असेल तर भंगारात देऊ नका, उन्हात घाला. स्वेटर विणून उरलेले लोकरीचे गुंडेही आणा. गच्चीवर बसून चौकोन विणू, जोडू आणि रात्रपाळीच्या वॉचमनकाकांसाठी एक पांघरूण करू. माडगं मी आणते!