देवस्थानची माळजमीन आणि गावकीचे पाणी

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच प्रचारात आणलेली नाही. मंदिराचा जीर्णोद्धार हा या म्हणीचा डोळ्यांना दिसणारा दाखला होय. कोणी रोख रक्कम देतो, कोणी बैलगाडी किंवा ट्रॅक्टर देतो, ज्याच्याजवळ यातले काहीच नाही तो आपले दोन हात देतो; आणि पाहता पाहता शिखर उभे राहते. परंतु शिखरावर कलश चढला म्हणजे गावकीचे काम संपले काय? महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात अशी काही गावे होऊन गेली की, ज्यांच्या बाबतीत देऊळ हा कामाचा शेवट न ठरता आरंभ ठरला. त्या गावांची हकिकत जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी सर्व ग्रामस्थ व देणगीदार यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

जुनी परंपरा

देव आणि पाणी यांचे नाते आपल्याकडे फार पुराणे आहे. सह्याद्रीच्या खेड्यापाड्यांतून देवाच्या नावाने राखलेल्या देवराया आजही उभ्या आहेत. तेथली फांदी तोडू नये हा दंडक गावाने देवाच्या धाकाने पाळला. त्यामुळे झाडे राहिली आणि झाडांमुळे झरे राहिले. नगर जिल्ह्यातील चौंडी येथे जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर (१७२५–१७९५) यांनी देशभर मंदिरे बांधली, तशाच विहिरी, बारवा आणि घाटही बांधले. देवदर्शनाला येणाऱ्याची तहान भागली पाहिजे, ही त्यामागील दृष्टी.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी चालत आलेली फड पद्धती ही तर गावकीच्या शहाणपणाची शाळाच म्हणावी लागेल. नदीवर बंधारा घालावयाचा, त्याच्या पाटाखालील रानाचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी पाटकऱ्याच्या हाती सोपवावयाचे, अशी ही रीत होती. शेताचा मालक स्वतः पाटाला हात लावीत नसे. त्यामुळे ‘माझे पाणी, तुझे पाणी’ हा तंटा मुळातच टळत असे.

बहात्तरचा दुष्काळ

सन १९७२ साल महाराष्ट्राच्या स्मरणातून जाणारे नाही. जनावरे दावणीला मेली, माणसे गाव सोडून गेली, आणि जी राहिली ती दुष्काळी कामावर खडी फोडू लागली. पुरंदर तालुका मुळातच पर्जन्यछायेतला. तेथली ही अवस्था पुण्यातील एक कारखानदार व इंजिनियर कै. विलासराव साळुंखे यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांच्या मनात आले की, हे हजारो हात रस्त्यासाठी खडी फोडीत आहेत. पुढच्या दुष्काळात हेच हात पुन्हा हीच खडी फोडणार. याच हातांनी आपल्या शिवारातले पाणी अडविले तर?

विचार चांगला होता, परंतु तो करून दाखवावयास जमीन हवी होती. येथेच देवस्थानचा संबंध येतो. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथील देवस्थान ट्रस्टची सुमारे ४० एकर जमीन होती. उताराची, उघडीबोडकी अशी ती माळजमीन साळुंखे यांनी ५० वर्षांच्या कराराने घेतली. सन १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली व त्यांच्या पत्नी श्रीमती कल्पनाताई साळुंखे याही या कामात उतरल्या.

काम साधे होते. माळाच्या उतारावर समपातळीत बांध घातले, म्हणजे धावणारे पाणी चालू लागले. वरच्या अंगाला गवत व झाडे राखली, म्हणजे चालणारे पाणी थांबू लागले. खालच्या बाजूस पाझर तलाव केला, म्हणजे थांबलेले पाणी जमिनीत मुरू लागले. तलावाखाली विहीर खणली आणि तिचे पाणी उपसून पुन्हा वरच्या शेताला दिले. ज्या माळावर पूर्वी कोणी आशेने पाहत नव्हते, तेथे धान्य पिकू लागले. देवाची जमीन अशा रीतीने खऱ्या अर्थाने देवाची झाली. कारण तिच्यातून अनेकांच्या मुखी घास पडण्याची वाट निघाली.

पाणी कोणाचे?

नायगावचे खरे महत्त्व मात्र बांधात वा विहिरीत नाही. पाणी अडविता येते हे पूर्वजांनाही ठाऊक होते. अडविलेले पाणी वाटावे कसे, हा प्रश्न अवघड होता व आजही आहे. ज्याची जमीन मोठी त्याला पाणी अधिक, असे चालू दिले तर गावाने मिळून श्रम करावयाचे आणि फळ मात्र चार घरांनी चाखावयाचे, असे होते.

यावर ‘पाणी पंचायत’ या नावाने जी व्यवस्था उभी राहिली तिचे नियम असे: पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातील माणसांच्या संख्येने द्यावयाचे, माणशी अर्धा एकर भिजेल इतके व एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही, ते पंचायतीकडे परत येते. उसासारखे फार पाणी पिणारे पीक घ्यावयाचे नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा आहे. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी प्रथम स्वतः उभा करावयाचा. आणि पाणी सोडण्याचे काम गटाने नेमलेल्या पाटकऱ्याचे.

पाच माणसांच्या दोन कुटुंबांचे उदाहरण घ्यावे. एकाची २० एकर जमीन, दुसऱ्याची ३ एकर. पाणी पंचायतीत दोघांनाही अडीच एकरांचेच पाणी. मोठ्या खातेदाराला हे सहज रुचण्यासारखे नव्हते, हे उघड आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या विहिरीवर गाव वाकला, त्याने पाटकऱ्यासमोर शेजाऱ्याच्या बरोबरीने पाळी धरावयाची! परंतु ज्यांनी हे मान्य केले त्यांच्या शिवारात कोरड्या सालीही थोडे तरी हिरवे राहिले. पुरंदर तालुक्यात व आसपास अशा अनेक योजना उभ्या राहिल्या. त्या साऱ्याच पुढे टिकल्या असे नव्हे. जेथे गटातील एकी मोडली तेथे पंप असूनही पाट कोरडे राहिले. कै. साळुंखे सन २००२ मध्ये निवर्तले. त्यांनी घालून दिलेला प्रश्न मात्र मागे राहिला आहे.

देवळापासून पाझर तलावापर्यंत

दुसरी हकिकत राळेगण सिद्धीची. तेव्हाच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यातले हे गाव. पाऊस थोडा, शेती हातावरची, आणि दारूच्या भट्ट्या मात्र भरपूर. गावचे श्रद्धास्थान असलेल्या संत यादवबाबांच्या मंदिराचे लाकूडही या भट्ट्यांत जळाले, एवढ्या थराला गोष्टी गेल्या होत्या. सन १९७५ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन परतलेल्या श्री. अण्णा हजारे यांनी आपली पुंजी प्रथम या मंदिराच्या जीर्णोद्धारास लावली. ते पाहून गावकरी श्रमदानाला आले. मंदिर उभे राहिले आणि गावाला बसून बोलावयास एक जागा मिळाली.

याच मंदिरात पुढे दारूबंदीचा निर्णय झाला. तो अमलात आणताना पिणाऱ्यांना खांबाला बांधून शिक्षाही झाली. त्या मार्गावर जाणत्या लोकांनी टीका केली, तीही नोंदविली पाहिजे. कारण धाकाने आलेली सुधारणा धाक असेतोवरच राहते. जे टिकले ते मनाने स्वीकारलेले काम. श्री. हजारे यांनी साळुंखे यांचे काम जाऊन पाहिले आणि राळेगणच्या शिवारात पाणलोटाची कामे सुरू झाली. नालाबांध, समपातळी चर, वृक्षलागवड, गळक्या पाझर तलावाची दुरुस्ती ही सारी कामे श्रमदान व शासकीय योजना यांच्या जोडीने झाली. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावोगाव माहीत झाली ती येथूनच.

दिव्याने दिवा लागावा तसे पुढे झाले. त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे सन १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि राळेगणचा कित्ता त्या गावाने गिरविला. एवढेच नव्हे तर दोन पावले पुढे टाकली. शेतीसाठी बोअर घेण्यास गावाने बंदी केली, ऊस व केळी यांना नकार दिला, आणि पाऊस किती पडला ते मोजून वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची रीत पाडली. पिण्याचे पाणी आधी बाजूस काढावयाचे, मग जनावरांचे, आणि उरेल त्यात कोणती पिके बसतात ते ठरवावयाचे. दिवाणजी जसा जमाखर्च मांडतो, तसा गावाने पावसाचा जमाखर्च मांडला.

बोध

या तिन्ही गावांत एक गोष्ट समान आढळते. कोठेही पाणी आकाशातून अधिक पडले नाही. पाऊस होता तेवढाच होता. बदलला तो गावाचा करार. ‘माझ्या विहिरीत किती?’ या प्रश्नाच्या जागी ‘आपल्या शिवारात किती?’ हा प्रश्न आला. आणि हा प्रश्न विचारावयास गावाला एक अशी जागा लागली, जेथे लहानथोर एकाच फरशीवर बसतात. ती जागा देवळाची. सभामंडपाची फरशी कोणाची एकट्याची नसते. तिच्यावर बसून केलेला ठराव मोडताना माणसाचे मन कचरते.

जीर्णोद्धार म्हणजे जे जीर्ण झाले त्याचा उद्धार. दगडी भिंती जीर्ण होतात तशी गावाची एकीही जीर्ण होते, विहिरीचे झरे बुजतात, ओढ्याचे काठ ढासळतात. देणगीदारांच्या औदार्याने व ग्रामस्थांच्या श्रमाने देवाचे घर नवे होते. त्याच सभामंडपात वर्षातून एकदा, सुगीनंतर, विहिरींची पातळी मोजून वाचली गेली तर नायगावच्या माळावर जे घडले ते अन्यत्रही अशक्य नाही. मंदिरात येणाऱ्या प्रत्येकाच्या तांब्यात पाणी असावे आणि ते भर वैशाखातही असावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.