कॉम्प्युटर

कॉम्प्युटर : मूळ अर्थ आकडेमोड करणारा माणूस. इंग्रजीत सतराव्या शतकापासून हाच अर्थ होता. राधानाथ सिकदार १८३१ मध्ये भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात रुजू झाले, ते ‘कॉम्प्युटर’ म्हणूनच. एव्हरेस्टच्या उंचीच्या गणितात त्यांचा मोठा वाटा होता.

हार्वर्ड वेधशाळेत हे काम बायकांकडे आले. काचेच्या प्लेटांवर उमटलेले ताऱ्यांचे ठिपके भिंगातून न्याहाळायचे आणि त्यांची तेजस्विता वहीत उतरवायची. खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट त्यांच्यातलीच.

पुढे पदनाम यंत्राने पळवले. गंमत म्हणजे १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या ‘एनिॲक’ या यंत्राच्या प्रोग्रामिंगसाठी निवडलेल्या सहाही जणी आधी तोफगोळ्यांचे मार्ग हाताने मोजणाऱ्या ‘कॉम्प्युटर’च होत्या.

१९६२ मध्येही अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी उड्डाणापूर्वी यंत्राचे आकडे ‘नासा’च्या गणितज्ञ कॅथरिन जॉन्सन यांच्याकडून तपासून घेतले.