टायमिंग बेल्ट (जुन्या, कमी चाललेल्या गाडीतील)

इंजिनातील क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टला देणारा दातेरी रबरी पट्टा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हे प्रमाण तो दात न सुटू देता सांभाळतो. त्यामुळे व्हॉल्व्ह नेमक्या वेळी उघडतात आणि मिटतात. मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या मोटारींत तो 1962 च्या सुमारास जर्मनीच्या ग्लास 1004 मध्ये आला. भारतात प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसडर पट्ट्याऐवजी साखळीवर चालत. पट्टा सर्वदूर पोहोचला तो 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 बरोबर. आजही अनेक इंजिनांत साखळीच असते, तेव्हा आपल्या गाडीत काय आहे ते आधी पाहावे.

उत्पादक या पट्ट्याला बहुधा दोन मुदती देतात, किलोमीटरची आणि वर्षांची, आणि पुढे ‘जे आधी येईल ते’ असे लिहितात. इंजिनानुसार आकडे बदलतात. 60,000 ते 1,00,000 किमी आणि 5 ते 10 वर्षे ही सर्वसाधारण कक्षा. लोकांच्या लक्षात राहतो तो पहिला आकडा. ‘सिंगल ओनर, बारा वर्षांत फक्त 28,000’ अशी जाहिरात वाचून खूश होणाऱ्याने दुसरा आकडा वाचावा. अशी गाडी बहुधा निवृत्त जोडप्याची असते: मुले परदेशी, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली, रविवारी मंडईपर्यंत एक फेरी. मीटर जवळजवळ थांबलेला असतो, रबर मात्र म्हातारे होतच असते.

उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होते. उभ्या गाडीत पट्टा महिनोन्‌महिने पुलींभोवती एकाच वळणात ताणलेला राहतो. जवळचे ऑइल सील सुकून पाझरू लागले, तर तेल दातांच्या मुळाशी मुरते. शिवाय सिग्नलला किंवा बॅटरी चार्ज व्हावी म्हणून दारातच इंजिन चालू ठेवले, तर पट्टा फिरतो आणि मीटर जागचा हलत नाही.

कव्हर काढून पाहावे, हा सल्ला अर्धाच उपयोगी आहे. काठाचे सुटलेले धागे, पाठीवरच्या बारीक भेगा, गुळगुळीत चकाकी किंवा झिजलेला दात दिसला, तर प्रश्नच मिटला. पट्टा तातडीने काढायचा. पण ताण पेलणारे काचतंतूंचे दोर रबराच्या आत असतात, आणि ते कुजले-तुटले तरी वरून पट्टा काळाभोर, ठणठणीत दिसू शकतो. म्हणून वर्षांची मुदत उलटली असेल, तर चांगला दिसणारा पट्टाही बदलावा. जुनी गाडी घेताना पट्टा बदलल्याचे बिल हाती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरावे. विकणाऱ्याच्या तोंडी ग्वाहीला इथे किंमत नाही.

तुटल्यास काय होते, हे इंजिनाच्या रचनेवर अवलंबून. काही इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांच्यात मोकळी जागा राहते. गाडी फक्त बंद पडते. पुष्कळ इंजिनांत दोघे आळीपाळीने एकच जागा वापरतात. तिथे कॅम थांबतो, क्रँक आपल्या वेगाने आणखी थोडा फिरतो आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकले की हेड उतरवावे लागते. चालत्या गाडीत अचानक इंजिन मेले आणि स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरू लागला, तर पुन्हा चावी मारू नये, धक्काही देऊ नये.

पट्ट्याबरोबर त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि वाट दाखवणारी आयडलर पुली यांचे बेअरिंग बदलावे. त्यांचे ग्रीसही तितकेच जुने असते. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही, कारण खरा खर्च खोलण्या-जोडण्याच्या मजुरीचा. नवा पट्टा चुरगाळून किंवा मुडपून ठेवला तर आतले दोर बसवण्याआधीच मोडतात. क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवून, इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा परत जुळतात का ते पाहणारा मिस्त्री मिळाला, तर त्याला सोडू नये. काम झाल्यावर कव्हरवर स्टिकर लावण्याची चांगली पद्धत काही गॅरेजांत आहे. त्यावर बहुधा फक्त किलोमीटर लिहितात. शेजारी तारीख आपणच लिहून घ्यावी.