भयपटांचे राखणदार

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातील एका मराठी ग्रंथालयाने जागेच्या अडचणीमुळे जुनी पुस्तके निकालात काढली. काय ठेवायचे आणि काय काढायचे हे ठरविण्यासाठी जे चार जण बसले होते, त्यांत आम्हीही होतो. संतवाङ्मय राहिले, नाटके राहिली, चरित्रे राहिली. बखरी तर राहणारच होत्या. रद्दीच्या तराजूत सर्वप्रथम गेली ती नारायण धारपांची पुस्तके. ती सर्वांत जास्त वाचली गेली होती, म्हणून सर्वांत जास्त फाटली होती. आणि फाटली होती, म्हणून टाकण्याजोगी ठरली. या न्यायातील विसंगती त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आली नाही. आमच्याही आली नाही.

ती ध्यानात आली पुढे, भयपटांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा. भयपट म्हटले की सुसंस्कृत वाचक किंचित हसतो, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु चित्रपटांच्या इतिहासातील एक मोठे दालन आज शिल्लक आहे ते या हसण्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या माणसांमुळे, हेही तितकेच खरे. कोकणात गावाच्या वेशीवर राखणदार असतो अशी श्रद्धा आहे. तो दिसत नाही, पण त्याच्यामुळे सीमेच्या आतले सुरक्षित राहते. भयपटांना लाभलेले राखणदार मात्र हाडामांसाचे होते. त्यांची ही हकीगत.

जर्मन दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेराटू’ हा मूकपट मार्च १९२२ मध्ये बर्लिन येथे दाखविण्यात आला. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. परंतु निर्मात्यांनी रीतसर हक्क घेतले नव्हते. सरदार ड्रॅक्युलाचे नाव बदलून ऑर्लोक केले, स्थळे बदलली आणि एवढ्याने भागेल असे मानले. स्टोकर १९१२ सालीच वारले होते. त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला. निर्मिती करणाऱ्या कंपनीचे दिवाळे निघाले होते, त्यामुळे भरपाईची आशा उरली नाही. अखेर १९२५ साली न्यायालयाने चित्रपटाची मूळ फिल्म व सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. कायद्याच्या दृष्टीने त्या बाईंची बाजू खरी होती, हे मान्य केले पाहिजे. पण आदेशाची अंमलबजावणी पूर्ण झाली असती तर मॅक्स श्रेक या नटाची जिन्यावरून चढत जाणारी ती लांब बोटांची सावली आज कोणी पाहिली नसती.

काही प्रती तोवर परदेशी गेल्या होत्या, म्हणून चित्रपट वाचला. त्यांपैकी फ्रान्समधील प्रती पुढे आँरी लांग्ल्वा यांच्या संग्रहात आल्या. लांग्ल्वा आणि त्यांचे मित्र जॉर्ज फ्रांजू यांनी १९३६ साली पॅरिसमध्ये ‘सिनेमातेक फ्रांसेज’ ही संस्था काढली, तेव्हा दोघेही पंचविशीच्या आतले होते. मूकपटांना त्या वेळी काडीची किंमत नव्हती. बोलपट आल्यावर जुन्या फिल्मा भंगारात जात. त्यांतील चांदी काढून घेतली जाई. हे दोघे तरुण त्या गोळा करीत हिंडले. यांपैकी फ्रांजू यांनी १९६० साली ‘चेहऱ्याविना डोळे’ अशा अर्थाच्या नावाचा एक भयपट स्वतः दिग्दर्शित केला. तेव्हा अनेक समीक्षकांनी नाके मुरडली. आज त्याची गणना अभिजात कृतींत होते.

सर्वच चित्रपटांचे नशीब इतके बलवत्तर नव्हते. टॉड ब्राउनिंग दिग्दर्शित ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ हा १९२७ सालचा मूकपट. त्यात लॉन चेनी या विख्यात नटाने उंच टोपी घातलेल्या, दात विचकणाऱ्या पिशाचाचे सोंग घेतले होते. चेनी आपली रंगभूषा स्वतःच करीत, आणि त्यासाठी शरीराला वाटेल तो त्रास देत. त्या काळची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे. १९६५ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीच्या कोठाराला आग लागली आणि या चित्रपटाची ज्ञात असलेली अखेरची प्रत त्यात गेली. आज उरली आहेत ती केवळ स्थिरचित्रे. त्यांचीच मालिका जोडून २००२ साली चित्रपटाची एक छायाकृती सिद्ध करण्यात आली.

मात्र चेनी यांची ती उंच टोपी आणि ते खोटे दात जळाले नाहीत. कंपनीच्या कोठाराऐवजी ते लॉस एंजेलिसमध्ये एका चाहत्याच्या घरी येऊन पोहोचले. त्या चाहत्याचे नाव फॉरेस्ट ॲकरमन.

ॲकरमन यांचा जन्म १९१६ चा. वयाच्या नवव्या वर्षी, १९२६ साली, त्यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकाचा एक अंक विकत घेतला आणि आयुष्याची दिशा ठरून गेली. त्यानंतर त्यांनी काहीही टाकले नाही. मासिके, जाहिराती, छायाचित्रे, मुखवटे, बाहुल्या, हस्तलिखिते. जे जे लोक फेकून देत ते ते त्यांच्या घरी येई. ‘ड्रॅक्युला’ (१९३१) गाजविणाऱ्या बेला लुगोसी यांची अंगठी तर ते स्वतःच्या बोटात घालून वावरत. लोक त्यांना खुळे समजत, आणि या समजाचा त्यांना मुळीच विषाद नव्हता.

१९५७ साली अमेरिकेत एक घटना घडली. युनिव्हर्सल कंपनीचे जुने ५२ चित्रपट ‘शॉक थिएटर’ या नावाने दूरचित्रवाणी केंद्रांना विकण्यात आले. रात्री उशिरा ते दाखविले जात आणि भुताचा वेष केलेला निवेदक ते सादर करी. पंचवीस वर्षांपूर्वीचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ घरबसल्या पाहून मुलांची एक संपूर्ण पिढी वेडी झाली. ही संधी ओळखून प्रकाशक जेम्स वॉरन आणि संपादक ॲकरमन यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे मासिक काढले. एकच अंक काढून थांबायचे, असा मूळ बेत होता. पण तो अंक हातोहात खपला आणि मासिक १९८३ पर्यंत चालले. त्याची भाषा बाळबोध, विनोद पोरकट. आईबापांना आणि शिक्षकांना ते मुळीच पसंत नव्हते. परंतु या चित्रपटांचे दिग्दर्शक कोण, रंगभूषा कोणी केली, राक्षसाचा पुतळा कसा हलविला, हे त्या मुलांना इतक्या आस्थेने कोण सांगत होते? स्टीव्हन स्पिलबर्ग, पीटर जॅक्सन, गिलेर्मो देल तोरो ही त्याच मासिकाच्या वाचकांतली नावे.

मेन प्रांतातील एका मुलाने १९६० च्या सुमारास आपली एक कथा या मासिकाकडे पाठविली. ती स्वीकारली गेली नाही. पण ॲकरमन यांनी नाकारलेली ती कथाही टाकली नाही. पुढे तो मुलगा स्टीफन किंग या नावाने जगप्रसिद्ध झाला, आणि १९९४ साली पुनरुज्जीवित मासिकाच्या एका अंकात ती कथा छापून आली. संग्राहक कोणास म्हणावे, असे कोणी विचारले तर आम्ही हे एकच उदाहरण देऊ.

राखण करणारे सर्वच साठवणारे नसतात. काही केवळ पाठपुरावा करणारे असतात. जेम्स व्हेल यांनी ‘फ्रँकेन्स्टाइन’नंतर १९३२ साली ‘द ओल्ड डार्क हाउस’ हा चित्रपट केला होता. वादळी रात्र, वाट चुकलेले प्रवासी आणि एक विचित्र कुटुंब, असा त्याचा थाट. पुढे त्याच कादंबरीचे हक्क दुसऱ्याकडे गेले, १९६३ साली तिच्यावर नवा चित्रपट निघाला आणि जुन्याचे नावही कोणी घेईना. तो नष्ट झाला असेच सर्व धरून चालले होते. परंतु कर्टिस हॅरिंग्टन या तरुण दिग्दर्शकाची व्हेल यांच्याशी मैत्री होती. व्हेल १९५७ साली निवर्तले. हॅरिंग्टन यांनी मात्र युनिव्हर्सल कंपनीकडे तगादा सोडला नाही. अखेर १९६८ साली कंपनीच्याच तळघरात त्याची मूळ फिल्म सापडली. तिचा आरंभीचा भाग खराब होत चालला होता. आणखी काही वर्षे कोणी विचारले नसते, तर ‘सापडली’ या शब्दाला अर्थ उरला नसता.

त्याच १९६८ साली पिट्सबर्गच्या परिसरात, तुटपुंज्या भांडवलावर, जॉर्ज रोमेरो यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पूर्ण केला. वितरकांनी आयत्या वेळी चित्रपटाचे नाव बदलले आणि त्या गडबडीत नव्या शीर्षकाखाली स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहून गेली. तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार एवढ्या चुकीने चित्रपट सर्वांच्या मालकीचा झाला. रोमेरो यांचे आर्थिक नुकसान झाले. पण ज्याला वाटेल त्याने प्रती काढल्या, दाखविल्या, विकल्या, आणि मध्यरात्रीच्या खेळांतून तो देशभर पोहोचला. १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली. ‘कल्ट’ हा शब्द चित्रपटांना लागला तो अशा मध्यरात्रीच्या खेळांमुळे. आपल्याकडे त्यास ‘संप्रदाय’ म्हणता येईल: एकच कथा शंभरदा ऐकायची, तिच्यातील प्रत्येक वाक्य तोंडपाठ असायचे, आणि तरीही पुन्हा जायचे. कीर्तनाला जाणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या आम्हांस यात काही नवल वाटण्याचे कारण नाही.

आता कोणी म्हणेल, हे सारे सातासमुद्रापलीकडचे. त्याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो धारपांपाशीच आहे. ज्या मुलाची कथा ॲकरमन यांनी जपली, त्याच स्टीफन किंग यांनी १९७५ साली ‘सेलम्स लॉट’ ही पिशाचकथा लिहिली, आणि तिच्यावरून नारायण धारपांनी मराठीत ‘लुचाई’ लिहिली. माळव्यात, बडोद्यात, हैदराबादेत, जेथे जेथे मराठी वाचनालय होते तेथे तेथे धारप पोहोचले. आमच्या पिढीतील अनेकांची मराठी वाचनाची गोडी टिकली ती त्यांच्यामुळे आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथांमुळे, हे कबूल करण्यात कमीपणा कसला? शाळेत हिंदी, बाजारात हिंदी. मराठी घरापुरती उरलेली. अशा मुलांना रात्री दिवा विझू न देता मराठी वाचायला लावणारा लेखक सामान्य म्हणता येत नाही.

ही साखळी पुढेही गेली. राही अनिल बर्वे यांना १९९३ साली एका मित्राने धारपांची कथा तोंडी सांगितली. तिचे बीज पंचवीस वर्षे मनात मुरले आणि २०१८ साली ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. प्रथम तो बेताचाच चालला. पण चाहत्यांनी त्याची आठवण विझू दिली नाही. २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला.

मग भक्ती पुरेशी आहे काय? येथे ॲकरमन यांच्या हकीगतीचा उत्तरार्ध सांगणे भाग आहे. त्यांचे अठरा खोल्यांचे घर दर शनिवारी सर्वांस विनामूल्य खुले असे. कोणीही यावे, टोपी पाहावी, दात पाहावेत. या संग्रहाचे कायमचे सार्वजनिक संग्रहालय व्हावे ही त्यांची इच्छा मात्र फलद्रूप झाली नाही. आजारपण आणि कोर्टकचेरीचा खर्च यांमुळे २००२ साली घर सोडावे लागले, संग्रहाचा मोठा भाग विकावा लागला. डिसेंबर २००८ मध्ये ते वारले आणि उरलेल्या वस्तूंचा पुढल्याच वर्षी लिलाव झाला. वस्तू नष्ट झाल्या नाहीत. पण ज्या एका छपराखाली त्या परस्परांना अर्थ देत होत्या, ते छप्पर गेले.

याउलट उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. १९६४ साली तेथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी ते आयुष्यभर वाढविले. दादासाहेब फाळके यांच्या ‘कालियामर्दन’ची (१९१९) रिळे त्यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून मिळविली. चांगला चित्रपट आणि वाईट चित्रपट असा भेद संग्राहकाने करू नये, असे त्यांचे मत होते. तो निवाडा पुढच्या पिढीने करावा. तरीही आपल्या देशात हजारांहून अधिक मूकपट निघाले, त्यांपैकी हाती लागले ते मूठभर. आणि ‘आलम आरा’ (१९३१) या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज नाही. ॲकरमन यांच्यापाशी भक्ती होती, संस्था नव्हती. नायर यांच्यापाशी दोन्ही होते, पण पुष्कळ गोष्टींसाठी तोवर उशीर झाला होता.

त्या ग्रंथालयातील प्रसंगानंतर आम्ही रद्दीच्या दुकानांतून आणि स्नेह्यांच्या माळ्यांवरून धारप शोधू लागलो. आजवर अकरा पुस्तके मिळाली आहेत. एकाच्या मुखपृष्ठाचा पत्ता नाही, एकाची शेवटची आठ पाने नाहीत. गूढकथेच्या बाबतीत ही शिक्षा मोठीच. ती आमच्या कपाटात आहेत, आणि आमच्यानंतर ते कपाट कोणी उघडेल याची खात्री आम्हांस देता येत नाही. मुले परदेशी आहेत. म्हणून आमची मंडळास विनंती आहे की, एक कपाट या वाङ्मयासाठी द्यावे. आमची अकरा पुस्तके त्यात पहिली असतील. आणि वाचकांस विनंती अशी की, माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या मोडी कागदांखाली अशी फाटकी पुस्तके निघाली, तर रद्दीवाल्यास हाक मारण्यापूर्वी आम्हांस एक निरोप धाडावा. शेवटची आठ पानेही चालतील.