सल्ला, पाळणा आणि अंगण

मूल कसे वाढवावे हे सांगणाऱ्या पुस्तकांचा मराठीत कधीच तुटवडा नव्हता. मूल रडले तर काय करावे, हट्ट धरला तर काय करावे, किती मारावे, मुळात मारावे का, याची उत्तरे आपल्याकडे गेली दीडशे वर्षे छापली जात आहेत. ती बरोबर होती की चूक, यात मी शिरणार नाही. माझे कुतूहल वेगळे आहे. हा सल्ला पाळायला वेळ लागतो. तो वेळ कोणाकडे आहे, असे सल्ला देणाऱ्याने धरून चालले होते?

पंडिता रमाबाईंच्या ‘स्त्रीधर्मनीति’पासून सुरुवात करतो. पुस्तक पुण्यात १८८२ मध्ये निघाले. रमाबाई तेव्हा २४ वर्षांच्या होत्या. पती बिपिन बिहारी मेधावी त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते आणि पदरात वर्षाची मनोरमा होती. पुस्तकात विद्या, विनय, पतिपत्नी, घरकाम यांच्यासोबत मुलांच्या संगोपनाचाही विचार आहे. सूर पुष्कळ ठिकाणी खडसावणारा आहे. बायका अज्ञानी राहतात आणि म्हणून मुलांचे नुकसान होते, हा त्याचा कणा. रमाबाईंच्या पुढच्या लेखनातली धार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे पुस्तक जरा बाळबोधच वाटेल. पण त्याच्या विक्रीतून आलेला पैसा १८८३ च्या इंग्लंड प्रवासाच्या कामी आला, आणि त्या प्रवासाने लेखिकेचे आईपण उलटेपालटे करून टाकले. १८८६ मध्ये मायलेकी फिलाडेल्फियाला गेल्या. काही महिन्यांनी मनोरमेला इंग्लंडमधल्या ख्रिस्ती भगिनींकडे परत पाठवावे लागले आणि रमाबाई विधवांच्या शाळेसाठी पैसे उभे करत अमेरिकाभर फिरत राहिल्या. पाच वर्षांची मुलगी समुद्राच्या एका काठाला, आई दुसऱ्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले, त्याची ही किंमत होती. संगोपनाच्या प्रकरणात अशा आईला काही जागा नव्हती.

रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यांना चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला होता. बाळंतपणाचे शास्त्र शिकून आलेली ही डॉक्टर परतल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात वारली. वैद्यकीचा सल्ला मराठी घरात बाईच्या तोंडून जाण्याची वेळ त्यामुळे लांबली.

आता गिरणगावात येऊ. एकोणीसशे वीसच्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांमधील कामगारांत सुमारे एक पंचमांश बायका होत्या, बहुतेक वाइंडिंग आणि रिळाच्या खात्यात. कामाचा दिवस दहा तासांचा, वर चाळीतले पाणी, सरपण, स्वयंपाक. तान्ह्या मुलाचे काय करायचे? सरकारने नेमलेल्या डॉक्टर बाईंच्या तपासणीत त्याचे उत्तर नोंदले गेले : बाळगोळी. अफू घातलेली ही गोळी सकाळी दिली की मूल दिवसभर गुंगीत पडून राही. शिकलेल्या घरांतून आणि आरोग्य-व्याख्यानांतून या गोळीविरुद्ध पुष्कळ बोलले गेले आणि ते बोलणे खरेही होते. अफूने मुले खंगत, काही मरत. तरीही माझ्या मते त्या आईच्या अज्ञानाला जितका दोष दिला गेला, तितका तिचा नव्हता. गोळीचे काम तिला पक्के माहीत होते. दहा तास मुलाने रडू नये, एवढेच ती त्या गोळीकडून विकत घेत होती.

या प्रश्नाला सल्ल्याखेरीज दुसरे उत्तर देण्याचा प्रयत्न विधिमंडळात झाला. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात तसेच विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. मुलाच्या संगोपनाला लागणारा वेळ ही पैशात मोजायची गोष्ट आहे आणि ते पैसे आईखेरीज आणखी कोणीतरी द्यायचे आहेत, हे मुंबई इलाख्यात प्रथमच कायद्याच्या भाषेत लिहिले गेले. पुढच्या दशकांत गिरण्यांतील बायकांची संख्या घटत गेली. कायद्यामुळे बाई मालकाला महाग पडू लागली हे एक कारण सांगितले जाते. नवी यंत्रे आणि रात्रपाळीवरची बंदी ही आणखी दोन. यातले कोणते किती, हा वाद अभ्यासकांत चालूच आहे.

याच सुमारास र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून (१९२७ ते १९५३) मुळात मुले किती असावीत हेच विचारत होते. आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. मराठीत संगोपनाचे सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक बहुधा तेच. कर्वे निपुत्रिक, गुरुजी अविवाहित. टीका म्हणून हे सांगत नाही. आईबापांना वेळ कमी पडत होता, याचा हाही एक पुरावा धरा.

मुलांचा विचार स्वतःच्या मुलापासून सुरू करणारी माणसे मला भेटतात ती भावनगरला. गिजुभाई बधेका व्यवसायाने वकील. मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या काळजीने त्यांनी मॉन्टेसरी वाचली आणि वकिली सोडली. १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढले. आईबापांसाठी लिहिलेल्या त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘माबाप थवुं आकरुं छे’ असे आहे. आईबाप होणे कठीण आहे, हे मुखपृष्ठावरच कबूल करणारा सल्लागार विरळा. त्यांच्याकडे राजकोटहून ताराबाई मोडक आल्या. मुंबईच्या पदवीधर, घटस्फोटित, आणि सोबत एक लहान मुलगी. त्या काळात हे तिन्ही शब्द एकाच बाईला लागणे केवढे होते, याची कल्पना करा. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. पुढे ताराबाईंनी मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ चालवली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. मारू नका, घाई करू नका, मुलाचे काम त्याला स्वतः करू द्या, हे मराठी मध्यमवर्गाच्या कानी पडले ते बरेचसे याच वाटेने. दादरच्या आयांना हा सल्ला पेलत होता. बऱ्याच जणींचा सकाळचा वेळ घरात जाई, आणि घरात कामाला आणखी कोणी असे.

ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले तेव्हा हे गृहीतक कोसळले. हे वर्ष त्या मुलखात साधे नव्हते. शेजारच्याच भागात, झरी येथे, त्याच वर्षी वारली मजूर वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. गोदावरी परुळेकरांनी ती हकीकत पुढे पुस्तकरूपाने सांगितली. बोर्डीच्या बालवाडीत दलित वस्तीतली मुले येईनात, आली तरी उशिरा येत. आईबाप पहाटेच कामावर गेलेले. मुलांना आंघोळ घालून, केस विंचरून, हात धरून आणून सोडणार कोण? पालकसभा घेऊन हे सुटण्यासारखे नव्हते, कारण सभेला येणारे पालक शेतावर होते. मग ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच वस्तीत नेली. शिक्षिका अंगणात जायच्या, तिथेच मुलांना धुवायच्या, तिथेच शिकवायच्या. या बालवाडीला नाव पडले अंगणवाडी. मॉन्टेसरीची साधने परदेशी आणि महाग. त्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने, माती आली.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा आणखी एक अडचण उघडी पडली. आठ-नऊ वर्षांच्या मुली शाळेत येऊ शकत नव्हत्या, कारण त्यांच्या कमरेवर धाकटी भावंडे होती. त्या घरांत संगोपन करत होती ती मोठी बहीण, आणि तिच्यासाठी सल्ल्याचे पुस्तक कोणीच लिहिलेले नव्हते. उत्तर म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. त्याला विकासवाडी म्हणत. बहिणीने भावंड पाळणाघरात ठेवावे आणि शेजारच्या वर्गात बसावे. मुलगे गुरे राखायला जात, म्हणून त्यांच्यामागे शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. मला या साऱ्या कामातली ही सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते. आईबापांच्या दिनक्रमाला कोणी नावे ठेवली नाहीत. शाळेचाच दिनक्रम बदलला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांसाठी ‘अंगणवाडी’ हाच शब्द देशभर रूढ झाला. ताराबाई दोन वर्षांपूर्वीच, १९७३ मध्ये, गेल्या होत्या. अनुताईंनी मात्र तो १९९२ पर्यंत पाहिला. वाटेत त्यातले थोडे गळले. पूरक आहार, लसीकरण, वजनाचा तक्ता हे सारे अंगणवाडीत आले. पण आई मजुरीवरून परतेपर्यंत मूल सांभाळायचे हा पाळणाघराचा भाग बहुतेक ठिकाणी आला नाही. काही तासांनी केंद्र बंद होते आणि मूल पुन्हा मोठ्या बहिणीच्या कमरेवर जाते.

आणि ही केंद्रे चालवणाऱ्या बाईला सरकारने नाव दिले ‘सेविका’, मोबदल्याला ‘मानधन’. तिलाही घरी मुले असतात. तिचे काम नोकरी आहे की सेवा, याचा झगडा मोर्चांतून आणि न्यायालयांतून अनेक वर्षे चालला आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. ते प्रकरण गिजुभाईंच्या गुजरातमधल्या निवृत्त सेविकांनी लढवले होते.