तुषारांचा भेक

पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशात उडझुंग्वा नावाची पर्वतरांग आहे. तिच्या दक्षिण उतारावरून किहान्सी नदी एका अरुंद घळीत कोसळत खाली येते. प्रपाताचे पाणी खडकांवर आपटून जे तुषार उडत, त्यांनी घळीचा काही भाग बारा महिने भिजलेला असे. तेथे मोठी झाडे वाढत नसत. शेवाळे, नेचे आणि गवत यांची दाट हिरवी गादी मात्र खडकांवर पसरलेली असे. आसपासच्या रानात ऊन असो वा अवर्षण, या पट्ट्यातील गारवा आणि ओल यांत फारसा फरक पडत नसे. असे सारे तुकडे एकत्र मोजले, तर क्षेत्र भरे सुमारे दोन हेक्टर, म्हणजे आपल्याकडील पाच एकरांचे एक शेत. एवढ्याशा जागेत एका प्राण्याचे सारे जग सामावलेले होते, आणि १९९६ सालापर्यंत विज्ञानाला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या साली तो सापडला, पण त्याच्या शोधार्थ कोणी निघाले होते असे नव्हे. किहान्सीवर धरण बांधून १८० मेगावॅट वीज निर्माण करण्याची योजना त्यापूर्वीच हाती घेतली गेली होती. जागतिक बँकेने आणि युरोपातील काही देशांनी तिला द्रव्यसाहाय्य दिले होते. योजनेचा आराखडा ठरला तेव्हा घळीतील जीवसृष्टीची बारकाईने पाहणी झालेली नव्हती. ती झाली बांधकाम सुरू असताना. आणि त्या पाहणीत, दार एस सलाम विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ किम हॉवेल व त्यांचे सहकारी यांच्या दृष्टीस तुषारांत भिजलेल्या गवतात वावरणारे हजारो चिमुकले, सोनेरी पिवळे भेक पडले.

भेक हा बेडकाचाच भाऊबंद. सामान्यतः त्याची त्वचा खरबरीत, अंग बोजड आणि चाल संथ. किहान्सीचा भेक मात्र या ठोकळ चित्रात बसणारा नव्हता. नराची लांबी दोन सेंटिमीटरही भरत नसे. मादी फार तर तीन सेंटिमीटरांच्या आत. बोटाच्या पेरावर सहज बसेल एवढा हा जीव. तथापि आकार लहान किंवा रंग वेगळा एवढ्यावरून कोणताही प्राणी नव्या जातीचा ठरत नाही. वय, ऋतू, लिंग यांनी रूप पालटते. एकाच जातीत रंगांचे अनेक भेद आढळतात. म्हणून नवी जाती सांगणाऱ्याला आधी जुन्या सर्व जातींचा हिशेब द्यावा लागतो. जवळच्या नात्यातील प्रत्येक प्राण्याचे संग्रहालयातील नमुने आणि त्यांची छापील वर्णने पुढे ठेवून, हा त्यांपैकी कोणताच नव्हे, हे एकेका अवयवाच्या साक्षीने सिद्ध करावे लागते.

या भेकाचे गोत्र ओळखणे त्या मानाने सोपे होते. टांझानियाच्या पर्वतांत पिलांना जन्म देणारे भेक राहतात, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्ञात होती. १९२६ साली नोबल या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने त्यांच्यासाठी नेक्टोफ्रिनॉइडीस हा वंश मांडला. बहुतेक बेडूक व भेक पाण्यात अंडी घालतात आणि त्यांतून शेपटीचे भैरे बाहेर पडतात. या वंशातील मादीच्या पोटातच अंड्यांची वाढ पुरी होते आणि हातपाय फुटलेली इवली पिले जन्मास येतात. किहान्सीच्या मादीच्या पोटाची त्वचा इतकी पातळ, की आत वाढणारी पिले बाहेरून दिसू शकत. जेथे पाणी उडते पण साचत नाही, अशा उतारावर ही रीत सोयीची होती, हे उघड आहे.

वंश ठरला, परंतु त्या वंशातील ज्ञात भावंडांपैकी हा एकही नव्हता. त्याला बाहेरून दिसणारा कान नव्हता. मागल्या पायांच्या बोटांमध्ये पडदा होता, पण बोटांची टोके पसरट नव्हती. मांडी जेथे पोटास मिळते तेथे काळसर डाग होते. अशा खुणांचा मेळ पूर्वी कोणत्याही वर्णनात नोंदलेला नव्हता. रूढ पद्धतीप्रमाणे एक नमुना आधारभूत म्हणून निवडण्यात आला. पुढे कधीही नावाबद्दल वाद उपस्थित झाल्यास अखेरचा निवाडा त्याच्याकडे पाहून करावयाचा असतो. पॉयन्टन, हॉवेल, क्लार्क आणि लव्हेट या चौघांनी लिहिलेले वर्णन आफ्रिकेतील सरपटणारे व उभयचर प्राणी यांना वाहिलेल्या एका नियतकालिकाच्या १९९८ च्या खंडात प्रसिद्ध झाले. लिनियसच्या काळापासून चालत आलेल्या द्विपदी पद्धतीने त्यांनी नाव दिले ते नेक्टोफ्रिनॉइडीस अस्परगिनिस. लॅटिन भाषेत अस्परगो म्हणजे तुषार. अस्परगिनिस म्हणजे तुषारांचा.

नावे पुष्कळदा शोधकाच्या, आश्रयदात्याच्या वा गावाच्या स्मरणार्थ दिली जातात. येथे त्या प्राण्याच्या जगण्याची अटच नावात नोंदली गेली. आणि त्या निबंधाच्या शीर्षकातच ही जाती अत्यंत संकटग्रस्त असल्याचे म्हटले होते. नवजात बालकाच्या जन्मपत्रिकेतच मृत्युयोग लिहिलेला असावा, तशातला हा प्रकार होता. लेखकांना कारण स्पष्ट दिसत होते. वीज हवी तर पाणी बोगद्यात वळवावे लागणार. पाणी वळले की प्रपात आटणार. आणि प्रपात आटला की तुषार थांबणार.

२००० साली तसेच घडले. घळीत वाहणारे सुमारे नव्वद टक्के पाणी यंत्रांकडे वळले आणि ओला पट्टा पाहता पाहता वाळू लागला. मात्र येथे एका बाजूस लोभ आणि दुसऱ्या बाजूस निष्पाप जीव असा सरळ झगडा रंगविणे अन्यायाचे होईल. टांझानियातील असंख्य घरांत तेव्हा दिवा नव्हता. शाळेला, दवाखान्याला, गिरणीला वीज मिळावी अशी एखाद्या गरीब राष्ट्राने इच्छा धरली, तर तिला दोष कोण देणार? परंतु आता दुसऱ्या बाजूसही एक नाव उभे होते. अनामिक बेडूक मेले असते तर त्यांची नोंद कोणत्याच कागदावर झाली नसती. नाव मिळालेल्या जातीबद्दल सरकारला, बँकेला आणि शास्त्रज्ञांना उत्तर देणे भाग पडले.

उत्तर दोन प्रकारांनी देण्यात आले. डोंगरातून नळ आणून घळीत फवारे बसविण्यात आले. नदी जे काम सहज करीत होती ते आता तोट्या करू लागल्या. शिवाय २००० च्या डिसेंबरात टांझानिया सरकारच्या संमतीने ४९९ भेक न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाकडे नेण्यात आले. फवाऱ्यांना आरंभी यश आल्यासारखे वाटले. २००३ च्या मध्यास घळीतील भेकांची संख्या वीस हजारांच्या घरात असल्याचा अंदाज करण्यात आला. आणि त्यानंतर काही महिन्यांतच सारे कोसळले. २००४ च्या आरंभी शोधूनही मोजकेच भेक दिसले. वरच्या शेतांतून येणाऱ्या कीटकनाशकांवर संशय घेतला गेला. मेलेल्या भेकांच्या त्वचेत कायट्रिड नावाची बुरशीही आढळली. जगाच्या अनेक भागांत उभयचरांचा संहार करणाऱ्या या बुरशीचे शास्त्रीय वर्णन १९९९ मध्येच झालेले होते. २००९ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने ही जाती निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर केले. छापील वर्णनापासून या घोषणेपर्यंत जेमतेम अकरा वर्षे लोटली होती.

परदेशी पाठविलेल्या भेकांचेही प्रारंभी हालच झाले. त्यांची संख्या शंभराच्याही खाली गेली. त्यांना किती ओल मानवते, कोणता प्रकाश लागतो, कोणते किडे खावयास द्यावेत, हे सारे चुकत चुकत शिकावे लागले. ब्राँक्स आणि टोलेडो येथील संग्रहालयांनी चिकाटी सोडली नाही. हळूहळू संख्या हजारांत गेली, आणि २०१० साली शंभर भेक विमानाने दार एस सलामला परत आले. तेथे विद्यापीठात त्यांच्यासाठी खास व्यवस्था उभारण्यात आली होती. २०१२ पासून त्यांना टप्प्याटप्प्याने घळीत सोडण्याचे प्रयोग सुरू झाले. निसर्गातून नामशेष ठरलेला उभयचर पुन्हा आपल्या मूळ जागी आणण्याचे हे प्रयत्न होते.

मराठी मुलखाला धरण आणि भेक ही जोडी अपरिचित नाही. कोयना धरणाच्या उभारणीच्या काळातच, १९६३ साली, सोमण यांनी कोयना परिसरातील एका भेकाचे वर्णन करून त्याला त्या नदीचे नाव दिले. तेव्हा त्याची गणना बुफो या विस्तीर्ण वंशात झाली. २००९ साली, म्हणजे किहान्सीचा भेक निसर्गातून गेल्याचे जाहीर झाले त्याच वर्षी, बिजू, गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबोलीच्या एका नव्या भेकाचे वर्णन केले. त्याच्या कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे होते. तो आणि कोयनेचा भेक मिळून झँथोफ्रिन हा स्वतंत्र वंश होतो आणि तो पश्चिम घाटाबाहेर कोठेच नाही, असे त्यांनी दाखवून दिले. शेहेचाळीस वर्षे ओळखीचा वाटलेला जीव खरोखर कोण होता, हे दुसऱ्यांदा पाहिल्यावर कळले. आणि दुसऱ्यांदा पाहावयास तो शिल्लक होता म्हणून कळले.

किहान्सीच्या बाबतीत ही संधी थोडक्यात हुकणार होती. पाहणी आणखी चार वर्षे लांबली असती, तर पाणी वळलेल्या घळीत कोरडे खडक तेवढे हाती लागले असते. ती चार वर्षे आधी झाली असती, तर कदाचित धरणाच्या आराखड्यातच तुषारांसाठी पाण्याचा वाटा राखला गेला असता. नव्या जातीचे वर्णन करणारा शास्त्रज्ञ प्राणी वाचवू शकत नाही. ते काम त्याच्या हातचे नसते. परंतु काय जाणार आहे हे तो वेळेवर सांगू शकतो, आणि त्या सांगण्यामुळे इतरांना नकळत असे म्हणण्याची सोय उरत नाही. किहान्सीच्या घळीत नळांतून जे पाणी फवारले जाऊ लागले, ते लॅटिन नावातील त्या एका शब्दाची आठवण ठेवूनच.