बार भरण्याची विद्या

निर्मल हे नाव ऐकले की आपणांस लाकडी रंगीत खेळणी आठवतात. परंतु या गावाच्या आसपासच्या टेकड्यांवर नजर टाकली तर जुनी तटबंदी दिसते आणि लक्षात येते की हे गाव एके काळी युद्धसामग्रीच्या जगातले होते. २०१६ साली आदिलाबाद जिल्ह्याचे चार भाग झाले व निर्मल स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण झाले. आज आपण बोलणार आहोत ते मात्र जुन्या, अखंड आदिलाबादविषयी. किनवट व राजुरा हे आपले तालुकेही १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते, म्हणून मराठी माणसाला हा मुलूख परका नाही.

तोफेचा आणि बंदुकीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. बार भरावयास नवशिक्यांना कोणी व कसे शिकविले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः न भरलेली बंदूक म्हणजे एक जड काठीच होय. हत्यार विकत घेता येते, लुटून आणता येते. ते भरण्याची विद्या मात्र हाताने हाताला द्यावी लागते. आणि जिथे विद्या द्यावयाची, तिथे गुरू कोण, शिष्य कोण आणि दोघांत विश्वास किती, हा प्रश्न येतोच.

१७५२ साली निजाम सलाबतजंग हा फ्रेंच सेनापती बुसी यास बरोबर घेऊन औरंगाबादेहून गोवळकोंड्याकडे निघाला असता निर्मलच्या राजाने त्याच्यावर हल्ला केला. त्या लढाईत राजा पडला आणि त्याच्या फौजेची दाणादाण उडाली. पुढे निजामाच्या चाकरीतील फ्रेंच अधिकाऱ्यांनी निर्मलला किल्ला बांधला. हत्यारांना लागणाऱ्या लोखंडाची या भागात वाण नव्हती. गोदावरीपलीकडील कोनासमुद्रम येथे तयार होणारे पोलाद इराणी व्यापारी तलवारींसाठी नेत असत.

मग फ्रेंचांनी नवे काय आणले? त्यांनी आणली ती शिस्त. त्यापूर्वी बरकंदाज आपल्या शिंगातली दारू अंदाजाने नळीत ओती, वर गोळी टाकी आणि गजाने ठाशी. प्रत्येकाचा हात निराळा, म्हणून प्रत्येकाचा बारही निराळा. युरोपीय कवायतीत मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत अगोदरच बांधून ठेवीत. ही पुडी म्हणजेच काडतूस. आपला हा शब्दही पोर्तुगिजांकडून आलेला आहे. पुडी फोडणे, दारू ओतणे, गोळी ठासणे, रंजक घालणे, अशा क्रियांचे तुकडे पाडून एकेका हुकुमावर शेकडो माणसांकडून त्या एकदमच करून घेत. कालचा शेतकरी काही महिन्यांत शिपाई होई तो या पद्धतीमुळे.

या शिक्षणात सावधपणाचा धडा पहिला असे. दारूखान्यात लोखंडी हत्यार न्यावयाचे नाही, तांब्याचे किंवा लाकडी वापरावयाचे. खिळ्यांचे जोडे बाहेर काढावयाचे. विस्तव जवळ येऊ द्यावयाचा नाही. एका नवशिक्याच्या घाईची किंमत साऱ्या कोठाराला द्यावी लागते, हे जाणूनच हे नियम झाले होते.

हैदराबादेत ज्याला लोक मुसा रहीम म्हणत, त्या रेमंडने हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालविली. त्याच्या तोफांच्या कारखान्यावरून शहरातल्या एका वस्तीला आजही गनफाउंड्री हे नाव आहे. मराठ्यांकडे महादजी शिंद्यांनी द बॉयन्यकडून पलटणी तयार करविल्या आणि आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉच माणसाकडून तोफा ओतविल्या. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला या दोन्ही शाळांचे विद्यार्थी समोरासमोर आले. पण दोन्हीकडचे गुरुजी परदेशी होते. १७९८ साली रेमंड वारला. त्याच वर्षी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह झाला आणि ऑक्टोबरात पगार थकलेल्या त्या सैन्याने जवळजवळ रक्त न सांडता शस्त्रे खाली ठेवली. विद्या उसनी होती, पगार तुंबला होता. अशी शाळा एका दिवसात बंद पडते.

विश्वास उडाला म्हणजे काय होते, हे मेरठला दिसले. २४ एप्रिल १८५७ रोजी तिसऱ्या हलक्या घोडदळाचा कर्नल कारमायकेल स्मिथ याने ९० निवडक स्वारांना कवायतीस बोलाविले. काडतूस दातांनी न तोडता हाताने फोडून बार कसा भरावा, एवढेच त्याला शिकवावयाचे होते. त्याच्या समजुतीने हा शिपायांच्या धर्मभावनेला दिलेला मानच होता. शिवाय त्या दिवशीची काडतुसे जुन्याच धाटणीची होती. तरीही ८५ जणांनी ती हाती घेतली नाहीत. चरबीची वार्ता दमदमच्या शिक्षणकेंद्रापासून जानेवारीतच पसरली होती आणि साहेबाच्या शब्दावर कोणाचाच भरवसा उरला नव्हता. ९ मे रोजी त्या स्वारांना सर्वांसमक्ष बेड्या ठोकल्या. १० मे रोजी मेरठ पेटले. पाठ सोपा होता, साहित्य हाताशी होते; परंतु शिकविणाऱ्याची पत संपली होती.

त्या वणव्याची धग आदिलाबादच्या जंगलातही पोहोचली. रामजी गोंड याने गोंड आणि रोहिले यांना एकत्र करून निर्मलच्या परिसरात इंग्रजांशी व निजामाच्या फौजेशी झुंज दिली. १८६० साली तो पकडला जाऊन निर्मलला फासावर चढला. त्याच्याबरोबर हजार माणसे एकाच वडाला टांगली गेली अशी लोकपरंपरा आहे, आणि त्या वडाला तेलुगूत ‘हजार फासांचा वड’ असेच नाव पडले.

यानंतर सरकारने ही विद्याच भिंतीआड नेली. १८६६ साली ब्रिटिश सैन्याने स्नायडर बंदूक स्वीकारली आणि तिच्याबरोबर धातूच्या टोपणाची काडतुसे आली. बार भरण्याचे काम शिपायाच्या हातून कारखान्याच्या हाती गेले. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १८७८ साली शस्त्रांचा कायदा आला. आज अमेरिकेत हौशी नेमबाज उडालेली पितळी टोपणे पुन्हा भरतात आणि नवशिक्यांसाठी तसे वर्गही भरवितात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा या शब्दात तो बनविण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. त्यामुळे परवान्यावाचून तो वर्ग मांडताच येणार नाही. आपला इतिहास पाहता ही सावधगिरी अनाठायी म्हणता येत नाही.

१९४० साली जोडेघाटला कोमराम भीम आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. जमीन आणि जंगल यांवरील हक्कासाठी ते उभे राहिले होते. या रक्तपातानंतर गोंडांची दुःखे समजून घ्यावीत असे निजाम सरकारला वाटले आणि ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यास पाचारण झाले. १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी शिक्षणकेंद्र निघाले. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली, कारण या भागातील गोंडांचा मराठीशी जुना परिचय होता.

जुन्या आदिलाबादेत नवशिक्यांसाठी आखलेला हाही एक वर्गच होता, आणि त्यात हाती दारूची पुडी नव्हती, पाटी होती. गुरू आणि शिष्य एकाच बोलीचे होते. तोफखान्याच्या शाळा धन्याबरोबर आल्या आणि धन्याबरोबर गेल्या. मारलवाईला जो गोंड मुलगा पहिले अक्षर शिकला, त्याची विद्या मात्र कोणत्याही तहाने काढून घेता आली नसती. निर्मलच्या तटबंदीखालून जाताना एवढे स्मरण ठेवावे. हात काय भरावयास शिकतो याइतकेच तो कोणाच्या भरवशावर शिकतो हेही महत्त्वाचे असते.